रोबोच्या चाकाला एन्कोडर कुठला लावायचा: फरशी, फाउंड्री आणि उसाची सरी, तिन्हीचा हिशेब

चाक किती फिरलं हे मोजायला सेन्सर, म्हणजे एन्कोडर, कुठला घ्यायचा, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांपासून शिरोलीतल्या वर्कशॉपवाल्यांपर्यंत सगळेच विचारतात, आणि बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. म्हणजे साइटवर जायचं, पीपीआरचा सगळ्यात मोठा आकडा बघायचा, मागवायचा, आणि पार्सल आल्यावर मग हे बसवायचं कुठं याचा विचार चालू. पीपीआर म्हणजे एका फेरीत किती पल्स येतात तो आकडा, बाकी काही नाही. माझं म्हणणं सरळ आहे, तो आकडा नंतर बघा, आधी चाक कुठं फिरणार ते बघा, कारण फरशीवर मस्त चालणारा सेन्सर बिडाच्या भुग्यात चार दिवस टिकत नाही आणि शेडमध्ये टिकणारा सेन्सर छोट्या लाइन फॉलोअरवर (रेघ धरून चालणाऱ्या रोबोवर) बसतच नाही.

खाली क्रमानं सांगतो, पण मधेच उड्या मारू नका, एकेक पायरी पुढच्या पायरीला लागते.

आधी कागद घ्या: किती बारीक मोजायचंय?

समजा ६५ मिमी व्यासाचं चाक आहे, ते पिवळ्या बीओ मोटरबरोबर (स्वस्तातली प्लॅस्टिक गिअरची मोटर) येतं तेच. परीघ झाला साधारण २०४ मिमी. आता एका फेरीत २० पल्स मिळत असतील तर एक पल्स म्हणजे १०.२ मिमी. नुसतं किती अंतर गेलो एवढंच बघायचं असेल तर एक सेंटीमीटर चालून जातो, कुणी काही म्हणणार नाही. पण वळताना काय होतं बघा. दोन चाकांमधलं अंतर १६० मिमी धरा. एका चाकाचा एक पल्स इकडंतिकडं झाला की रोबोची दिशा १०.२ भागिले १६० रेडियन, म्हणजे साडेतीन अंशाच्या वर फिरली असं प्रोग्राम समजणार. साडेतीन अंश तिरका गेलेला रोबो दोन मीटरवर जवळजवळ १२ सेंटीमीटर बाजूला पोचतो. म्हणून खरा प्रश्न "अंतर किती बारीक" हा नसतोच, "वळण किती बारीक" हा असतो, आणि हा हिशेब कुणी करत नाही.

वेगाचं पण तसंच. रोबो ०.१ मीटर प्रति सेकंदानं हळू चाललाय आणि तुमचा पीआयडी (वेग बघून मोटरची पॉवर कमी-जास्त करणारा कोड) दर २० मिलिसेकंदाला चालतो, तर तेवढ्या वेळात चाक पुढं जातं २ मिमी. २० पल्सच्या डिस्कवर चार वेळा शून्य, मग एकदा एक, परत शून्य. पीआयडीला वाटतं गाडी थांबली, मग वाटतं पळाली, आणि मोटर नुसती गचके खाते. त्यापेक्षा एका काउंटला (बोर्डानं मोजलेल्या एका टप्प्याला) ०.१४ मिमीच्या आसपास मिळालं तर त्याच २० मिलिसेकंदात १४-१५ काउंट येतात आणि मोटर गुमान चालते. हळू वेगात काउंट मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजायची पण पद्धत आहे, स्वस्त डिस्क असेल तर तीच वापरा, पण चाक पूर्ण थांबल्यावर पुढचा पल्स कधी येतच नाही, त्यामुळं ठराविक वेळानंतर वेग शून्य धरायचं कोडमध्ये लिहावं लागतं.

दिशा कळायला हवी का हे पण याच कागदावर लिहा. एकाच आउटपुटचा सेन्सर पुढं-मागं ओळखत नाही. रोबोला हातानं मागं ढकललं तरी तो मोजणार पुढंच. दिशा पाहिजे तर ए आणि बी असे दोन चॅनल लागतात, एकमेकांपासून ९० अंश सरकलेले, यालाच क्वाड्रेचर म्हणतात. ए आधी वर गेला तर पुढं, बी आधी गेला तर मागं. दोन्ही चॅनलच्या चढत्या-उतरत्या सगळ्या कडा मोजल्या की पीपीआरच्या चौपट काउंट मिळतात. दुकानदार कधी पीपीआर सांगतो, कधी चौपट केलेला आकडा सांगतो, तेवढं विचारून घ्या.

मग जागा बघा

फरशी, फ्लेक्सवरचा ट्रॅक, लॅब: काहीही चालतं, पुढं जा.

उन्हात चालणार असेल तर उघडा ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर मोजणारा, सेन्सर नको. आयआर एलईडीवाल्या सेन्सरला ऊन थेट लागलं की तो गोंधळतो. झाकण लावून भागतं, पण मग झाकणात धूळ बसते.

फाउंड्री आणि मशिन शॉप हा आपला खास विषय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडच्या एमआयडीसीत मटेरियल ट्रॉली ऑटोमॅटिक करायची हौस आता बऱ्याच जणांना आलीये. हितं दोन शत्रू असतात आणि दोघं वेगवेगळे सेन्सर मारतात. मोल्डिंगकडची काळी बारीक वाळू ऑप्टिकल डिस्कच्या खाचा बुजवते. आणि लेथकडचा बिडाचा भुगा मॅग्नेटला चिकटतो. उघड्या हॉल एन्कोडरच्या (हा फिरणाऱ्या मॅग्नेटवरनं मोजतो) मॅग्नेट डिस्कवर त्या भुग्याच्या अक्षरशः मिशा उगवतात, मग त्या सेन्सरला घासायला लागतात, आणि काउंट आधी कमी-जास्त व्हायला लागतो आणि मग बंदच. त्यामुळं शेडमध्ये एकतर पूर्ण बंद बॉडीचा एन्कोडर, नाहीतर इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी, म्हणजे न टेकता समोरचं लोखंड ओळखणारा सेन्सर. तिसरं काही सुचवणार नाही.

आणि शेत. उसाच्या सरीतनं चालणारा रोबो करायचा असेल तर पाणी-चिखल हा सेन्सरचा प्रॉब्लेम झाला, तो बंद बॉडी घेऊन सुटतो. न सुटणारा प्रॉब्लेम वेगळाच आहे. शिरोळकडची काळी माती ओली झाली की चाकाला थर धरते. ३०० मिमीच्या चाकावर सगळीकडून १० मिमी माती बसली की व्यास ३२० झाला, म्हणजे प्रत्येक फेरीला रोबो जवळपास पावणेसात टक्के जास्त पुढं जातोय आणि एन्कोडरला पत्ताच नाही. वर चिखलात चाक जागेवर फिरलं की उलटी चूक. अशा ठिकाणी महागातला एन्कोडर घेऊन पैसे घालवू नका, साधा घ्या आणि उरलेले पैसे जीपीएस नाहीतर कॅमेऱ्याकडं वळवा.

आता सेन्सर, एकेक करून

सगळ्यात स्वस्त म्हणजे खाचांची डिस्क आणि एलएम३९३ चिपवालं यू-आकाराचं मॉड्यूल. बीओ मोटरला दोन्ही बाजूला शाफ्ट असतो, आतल्या बाजूला २० खाचांची काळी डिस्क बसते. शिकायला उत्तम, कारण डिस्क हातानं फिरवली की मॉड्यूलवरची एलईडी लुकलुकते आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. पण एकच चॅनल, त्यामुळं दिशा नाही. आणि एक खोड आहे, खाच हळू सरकत असेल तर एकाच कडेला तीन-चार पल्स निघतात, मग २० च्या जागी ३०-३५ काउंट दिसतात आणि माणूस कोड तपासत बसतो. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये १०४ नंबरचा कॅपॅसिटर लावा, बऱ्यापैकी शांत होतं.

मागं हॉल एन्कोडर लावूनच येणारी गिअर मोटर, म्हणजे एन२० नाहीतर जेजीए२५-३७० सारखी, ही माझी शिफारस दहातल्या आठ जणांना. मोटरच्या शेपटाला गोल मॅग्नेट आणि शेजारी दोन हॉल सेन्सर, ए-बी दोन्ही चॅनल तयार. मॅग्नेट मोटरच्या शाफ्टवर असल्यामुळं गिअर रेशोचा फायदा फुकटात मिळतो. ११ पीपीआर आणि ३४ चा गिअर धरा, चाकाच्या एका फेरीत ३७४ पल्स, चौपट केले की १४९६ काउंट. ६५ च्या चाकावर एक काउंट ०.१४ मिमी. मघाशी पीआयडीला पाहिजे होता तोच आकडा. फक्त लिस्टिंगवरचा गिअर रेशो बऱ्याचदा राउंड केलेला असतो, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, खरा काढायची पद्धत खाली आहे.

पण एक गंमत ऐका. एन्कोडर गिअरच्या अलीकडं आहे आणि चाक पलीकडं. गिअरच्या दातांमध्ये ढिलाई असते. मोटर धरून चाक बोटानं हलवून बघा, टकटक हलतं ना, तेच. ती ढिलाई दोन अंश असली तरी ६५ च्या चाकावर १.१ मिमी झाली, आणि एन्कोडरला त्यातलं काही दिसत नाही. म्हणजे ०.१४ मिमी हा आकडा एकाच दिशेनं चालताना खरा, दिशा बदलली की खोटा. दिशा सारखी बदलणारा रोबो असेल, उदाहरणार्थ दोन चाकांवर तोल सांभाळणारा, तर स्वस्त ढिला गिअरबॉक्स बदलणं हे एन्कोडर बदलण्यापेक्षा जास्त कामाचं.

ढिलाई टाळून थेट चाकाच्या एक्सलवर मोजायचं असेल तर एएस५६०० हा मॅग्नेटवरचा सेन्सर बघा. छोटी चिप, समोर गोल मॅग्नेट, एका फेरीचे ४०९६ भाग. कशालाच टेकत नाही त्यामुळं झिजत नाही. ह्याचं वैशिष्ट्य म्हणजे हा पल्स देत नाही, कोन सांगतो, लाइट जाऊन आली तरी चाक कुठल्या कोनात आहे ते त्याला माहीत असतं. पण फेऱ्या किती झाल्या ते माहीत नसतं, ३५९ वरून ० वर आला की एक फेरी वाढवायचं काम तुमच्या कोडचं, आणि त्यासाठी अर्धी फेरी व्हायच्या आत दरवेळी एकदा तरी वाचायला पाहिजे.

इथं लोक तीन ठिकाणी अडकतात. पहिलं मॅग्नेट. साधा फ्रिजवरचा गोल मॅग्नेट चालत नाही, त्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव वरच्या-खालच्या चपट्या बाजूंना असतात. हितं डायामेट्रिक पाहिजे, म्हणजे चकतीच्या अर्ध्या भागात उत्तर, अर्ध्यात दक्षिण. दुसरं बसवणं. लोखंडी शाफ्टवर थेट चिकटवला की शाफ्ट मॅग्नेटची ताकद खातो, मधे पितळेचा नाहीतर प्लॅस्टिकचा होल्डर पाहिजे. उद्यमनगरात लेथवाल्याकडून पितळेचा छोटा बूश टर्न करून घ्या, थ्रीडी प्रिंटपेक्षा सेंटर लई चांगला मिळतो, आणि सेंटर महत्त्वाचाच आहे, पाव मिलिमीटरच्या आत ठेवायचा. चिप आणि मॅग्नेटमधली फट अर्धा ते तीन मिलिमीटर. बरोबर बसलाय का हे चिपच सांगते, हेक्स ०बी रजिस्टर वाचा, एमडी बिट १ पाहिजे, एमएल बिट १ असेल तर मॅग्नेट कमजोर नाहीतर लांब, एमएच असेल तर लई जवळ. तिसरं अ‍ॅड्रेस. ह्याचा आयटूसी (चिप ज्या दोन वायरींवरनं बोर्डाशी बोलते ती बस) अ‍ॅड्रेस हेक्स ३६, बदलता येत नाही. दोन चाकांना दोन लावले की एकाच बसवर भांडणार. ईएसपी३२ बोर्डाला दोन आयटूसी बस आहेत, एकेकावर एकेक लावा, नाहीतर टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (एका बसच्या वेगळ्या फांद्या करणारी चिप) घ्या.

इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी म्हणजे मशिनवर असतो तोच पितळी थ्रेडचा गोल सेन्सर. धूळ, तेल, पाणी, कशाचंच त्याला काही नाही. समोरून लोखंड गेलं की स्विच. चाकाच्या हबला सहा बोल्ट आहेत? झाले सहा पल्स. ३०० मिमीच्या चाकावर एक पल्स म्हणजे १५७ मिमी, ट्रॉली किती लांब गेली हे बघायला पुरतं, वळायला नाही. त्यापेक्षा चेन स्प्रॉकेट असेल तर त्याचे दात मोजा, ३० दाती स्प्रॉकेट चाकाच्याच शाफ्टवर असेल तर ३१ मिमीवर आलात. दिशा पाहिजे तर दोन सेन्सर लावायचे, दुसरा पाव दात सरकवून. बारीक दाताला जाड सेन्सर लावू नका, दोन दात एकदम दिसतात आणि तो कायम ऑनच राहतो. फट एक-दोन मिलिमीटर ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा हब असेल तर अंतर अर्ध्याहून खाली येतं.

कारखान्यात वापरतात तो बंद बॉडीचा इन्क्रिमेंटल एन्कोडर, ६०० पीपीआर, ६ मिमी शाफ्ट, हा पण आता ऑनलाइन सहज मिळतो. चौपट करून २४०० काउंट. ताकदवान वस्तू आहे, पण त्याच्या शाफ्टवर थेट चाक लावून रोबोचं वजन त्यावर टाकायचं नाही, आतलं बेअरिंग त्यासाठी नसतंय. मधे फ्लेक्सिबल कपलिंग घ्या, किंवा वेगळं छोटं रबरी चाक लावून स्प्रिंगनं जमिनीवर टेकवा. हे मोकळं चाक मोटरला जोडलेलं नसल्यामुळं मोटरचं चाक घसरलं तरी हे खरं अंतर सांगतं. स्पर्धेसाठी गंभीरपणे रोबो बनवणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा.

जुन्या होव्हरबोर्डची चाकं वापरून ट्रॉली करणारे पण आहेत. त्यांनी वेगळा सेन्सर घ्यायचीच गरज नाही, आत तीन हॉल सेन्सर असतात आणि १५ पोल पेअरच्या (मॅग्नेटच्या उत्तर-दक्षिण जोड्यांच्या) मोटरला फेरीमागं ९० टप्पे मिळतात. साडेसहा इंची चाकावर एक टप्पा पावणेसहा मिमी. वजनदार ट्रॉलीला भरपूर झालं.

बोर्डाला झेपेल का?

अर्डुइनो उनोला बाहेरचे इंटरप्ट (पल्स आला की चालू काम थांबवून तो लगेच मोजायला लावणाऱ्या पिन) फक्त दोन, पिन २ आणि ३. दोन मोटरचे ए-बी मिळून चार चॅनल होतात. तोडगा असा की दोन्ही ए चॅनल इंटरप्टवर लावा, बी साध्या पिनवर, आणि ए बदलला की बी वाचून दिशा ठरवा. चौपटऐवजी दुप्पट काउंट मिळतात, चालतंय की. वर सांगितलेल्या गिअर मोटरवर अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाला चौपट मोजणीत एका चाकाचे साधारण ३७०० काउंट सेकंदाला येतात, एवढं उनो सोसतो. पण कुणी ६०० पीपीआरचा एन्कोडर त्याच ३४ च्या गिअरच्या मोटरबाजूला लावला तर सेकंदाला दोन लाखाच्या घरात जातो, तिथं उनोनं हात टेकले. ईएसपी३२ मध्ये पल्स मोजायचं वेगळं हार्डवेअर आहे, पीसीएनटी नावाचं, एसटीएम३२ च्या टायमरना एन्कोडर मोडच असतो. नवीन बोर्ड घेणार असाल तर यातलाच घ्या, प्रोसेसर मोकळा राहतो.

काउंटचा व्हेरिएबल लाँग ठेवा, आणि व्होलाटाइल लिहायला विसरू नका. उनोवर साधा इंट ३२७६७ च्या पुढं गेला की उणे होतो. १४९६ काउंटच्या चाकाला हे साडेचार मीटरवर घडतं, म्हणजे टेबलावर टेस्ट करताना कधी सापडत नाही आणि स्पर्धेच्या ट्रॅकवर रोबो मधेच पिसाटतो. ईएसपी३२ चा तो काउंटर पण १६ बिटचाच आहे, तो भरायच्या आत बेरीज मोठ्या व्हेरिएबलमध्ये घ्या.

वायर जोडताना

मोटरच्या सहा वायरींमध्ये दोन मोटरच्या, दोन एन्कोडरच्या सप्लायच्या, दोन ए-बी. रंग बघून जोडू नका, रंग कंपनीनुसार बदलतात, मागच्या छोट्या पीसीबीवर छापलेलं वाचा. मोटरचे १२ व्होल्ट हॉल सेन्सरच्या वायरीत गेले की तो जागेवर संपतो.

ईएसपी३२ च्या पिनला ३.३ व्होल्टच. ५ व्होल्टचं आउटपुट असेल तर १ के आणि २ के रेझिस्टरचा डिव्हायडर, व्होल्टेज खाली आणायला. ओपन कलेक्टर आउटपुट असेल (स्वतः व्होल्टेज न देता वायर फक्त ग्राउंडला ओढणारं), म्हणजे त्या ६०० पीपीआरवाल्यासारखं, तर डिव्हायडर नको, ४.७ के चा पुल-अप (वायर वर धरून ठेवणारा रेझिस्टर) सरळ ३.३ ला लावा. त्याच्या ए-बी वायर चुकूनही सप्लायला लावू नका, आतला ट्रान्झिस्टर जातो. पिन ३४ ते ३९ ला आत पुल-अप नसतोच, तिथं बाहेरून लावावाच लागतो. प्रॉक्झिमिटीच्या बाबतीत आधी मल्टिमीटर लावा, काही एनपीएन सेन्सरमध्ये आतच सप्लायकडं पुल-अप असतो आणि आउटपुट १२-२४ व्होल्टवर जातं. तिथं पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडानं पलीकडं देणारी, वायर न जोडणारी चिप) मधे घाला, निवांत झोप लागते.

मोटरच्या टर्मिनलवर १०४ चा कॅपॅसिटर, आणि एन्कोडरच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांब. ट्रॉलीवर दोन-तीन मीटर वायर न्यायची असेल तर शील्डेड केबल घ्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

हातानं फिरवा, मग मोटर चालू करा

चाकावर पांढऱ्या टेपचा तुकडा लावा, चॅसीवर समोर पेननं खूण करा. काउंट शून्य करून चाक हातानं बरोबर दहा फेऱ्या फिरवा. मेटल गिअर ताठ असेल आणि हातानं फिरत नसेल तर जोर करू नका, दात जातील, मोटर अगदी हळू पॉवरवर फिरवून खुणेवर थांबवा. जो काउंट येईल त्याला दहानं भागा, हा तुमचा खरा आकडा, लिस्टिंगवरचा विसरून जा. मग दहा फेऱ्या उलट. काउंट शून्याजवळ परत आला पाहिजे, गिअरच्या ढिलाईएवढा फरक चालेल. फरक जास्त असेल आणि दरवेळी वेगळा येत असेल तर पल्स सुटतायत. मग मोटर फुल पॉवरवर चालवून हीच टेस्ट करा, हातानं बरोबर आणि पॉवरवर चूक म्हणजे मोटरचा नॉइज नाहीतर बोर्डाचा वेग.

दोन मोटरी आरशासारख्या समोरासमोर बसतात, त्यामुळं पुढं जाताना एक काउंट वाढतो आणि दुसरा कमी होतो. घाबरायचं नाही, कोडमध्ये एकाचं चिन्ह बदला.

शेवटी फरशीवर कॅलिब्रेशन

घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या रेघा फुकटची पट्टी आहेत. सरळ तीन मीटर चालवा, टेपनं खरं अंतर मोजा, आणि त्या प्रमाणात चाकाचा व्यास कोडमध्ये बदला. रबरी चाक वजनानं दबतं म्हणून हे बॅटरीसकट पूर्ण वजन लावूनच करायचं.

मग चौकोन. मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत नीट मांडली, यूएमबीमार्क म्हणतात तिला. रोबोला चौकोनात फिरवून सुरुवातीच्या जागी आणायचा, काही वेळा घड्याळाच्या दिशेनं आणि तेवढ्याच वेळा उलट दिशेनं, आणि दरवेळी तो कुठं थांबला तिथं खडूनं खूण करायची. एकाच दिशेनं फिरवलं तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि सगळं बरोबर आहे असं वाटतं, म्हणून दोन्हीकडून. दोन्ही दिशांना रोबो गरजेपेक्षा जास्त वळत असेल, किंवा दोन्हीला कमी, तर चाकांमधलं अंतर तुम्ही कोडमध्ये चुकीचं टाकलंय. एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी वळत असेल तर दोन चाकांचे व्यास सारखे नाहीत, एका चाकाचा व्यास थोडा-थोडा बदलून बघा. आणि खुणा कुठंही विखुरल्या असतील, काही पॅटर्नच नसेल, तर चाक घसरतंय. तिथं कॅलिब्रेशननं काही होत नाही, आधी वेग कमी करा, टायर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं होऊ द्या, तरी नाही जमलं तर वळणासाठी जायरो (वळण थेट मोजणारा सेन्सर) लावा आणि एन्कोडरवर फक्त अंतराचं काम ठेवा.